‘जर्मनीत एम.एस. फुकट’ : फिरत्या संदेशातले अर्धे सत्य

परदेशी प्रवेशांचा हंगाम आला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो: ‘जर्मनीत एम.एस. पूर्ण फुकट. राहण्याचा खर्च अर्धवेळ कामातून निघतो. हजेरीची सक्ती नाही, ताण नाही. अभ्यासक्रम इंग्रजीत, जर्मन शिकायची गरज नाही.’ यातल्या प्रत्येक वाक्यात थोडे तथ्य आहे, आणि त्यामुळेच त्यावर विसंबून कर्ज काढणाऱ्या घरांची मला काळजी वाटते.

बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, हे खरे. पण स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ही शहरे ज्या राज्यात आहेत त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1,500 युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून नव्याने येणाऱ्या अशा विद्यार्थ्यांना पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी सत्राला साधारण 4,000 ते 6,000 युरो शुल्क लावले आहे. त्याखेरीज व्हिसासाठी बहुतेकांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधीच भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरोच काढता येतात. हा पैसा आपलाच असतो. पण मुलगा विमानात बसण्यापूर्वी अकरा लाखांहून अधिक रुपये उभे करणे ज्या घराला जड आहे, त्या घराला ‘फुकट’ म्हणून सांगणे अन्यायाचे आहे.

कामाला परवानगी आहे: मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस. परवानगी असली म्हणून काम आणि वेळ दोन्ही मिळतातच असे नाही. जर्मनीत शिकताना मी एका गोदामात रात्रपाळी करत असे. पहिल्या परीक्षेआधीचे तीन आठवडे एकही पाळी घेता आली नाही आणि त्या महिन्याचे भाडे शिल्लकीतून गेले.

हजेरीबद्दलचे विधान सर्वांत घातक आहे. हजेरी सक्तीची नसली, तरी अनेक विषयांत सत्राचे सगळे गुण शेवटच्या एकाच परीक्षेवर असतात. तिथे अनुत्तीर्ण झाल्यास बहुतेक ठिकाणी दोनदाच पुन्हा बसता येते, आणि सक्तीच्या विषयात तिसरा प्रयत्नही फसला तर विद्यापीठातून नाव कमी होते. तोच अभ्यासक्रम दुसऱ्या जर्मन विद्यापीठात पुढे चालवण्याची वाटही सामान्यतः बंद होते. आपल्याकडच्या ए.टी.के.टी.च्या सवयीने पहिला प्रयत्न ‘बसून बघू’ म्हणून वाया घालवणारी हुशार मुले मी पाहिली आहेत.

राहिली भाषा. वर्गात इंग्रजी चालते. वर्गाबाहेर भाडेकरार, विम्याची पत्रे, परदेशी नागरिक कार्यालयाच्या सूचना बहुतांशी जर्मनमध्येच येतात. माझ्या टपालपेटीत एकदा अधिकृत नोटिशीचे पिवळे पाकीट आले. अशा पाकिटावर टपालवाला पोहोचवल्याची तारीख लिहितो आणि उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. मला ते वाचता न आल्याने आठवडाभर टेबलावर पडून राहिले. पदवीनंतर मिळणारा 18 महिन्यांचा परवानाही नोकरी शोधण्यासाठी असतो. आणि इंग्रजीवर भागणाऱ्या मोजक्या जागा सोडल्या, तर मुलाखत जर्मनमध्येच होते.

भारतीय अर्जदारांना नोव्हेंबर 2022 पासून पदव्यांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते आणि प्रवेशाचा निकाल येईपर्यंतचे महिने हाती असतात. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवनाचे जर्मनचे वर्ग आहेत, आणि तेवढ्या अवधीत निदान ए-2 पर्यंतची, म्हणजे रोजच्या साध्या व्यवहारापुरती, जर्मन पदरात पाडून घेता येते.