मिस्टर बीनच्या नावाने फिरणारी गोष्ट

सकाळच्या 'सुप्रभात'च्या लाटेत अधूनमधून तो फॉरवर्ड येतोच. रोवन ॲटकिन्सन गरीब घरातला, तोतरा, दिसायला यथातथा. टीव्हीवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं. शेवटी बोलावं न लागणारा मिस्टर बीन त्याला सापडला आणि नशीब उघडलं. खाली हात जोडलेले. यातला तोतरेपणा तेवढा खरा. बाकीचं कापड गोष्टीच्या मापाने बेतलेलं आहे.

गरिबीचं आधी उरकून टाकू. वडील शेतकरी होते, पण ते कंपनीचे संचालकही होते. मुलगा फी भरून शिकायच्या शाळांत वाढला, न्यूकॅसलला इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला आणि त्याच विषयात ऑक्सफर्डहून एम.एस्सी. करून बाहेर पडला. आपल्याकडे अशा मुलाला काकू-मावशा स्थळं सुचवतात.

'सगळीकडून नकार' म्हणावं, तर लेखक रिचर्ड कर्टिस आणि संगीतकार हॉवर्ड गुडॉल त्याला ऑक्सफर्डमध्येच भेटले. 1979 मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो बीबीसीच्या 'नॉट द नाइन ओ'क्लॉक न्यूज' या विनोदी कार्यक्रमातल्या चार मुख्य कलाकारांपैकी एक होता. 1981 मध्ये बाफ्टा हा ब्रिटनमधला चित्रपट-टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. बीनच्या मालिकेचा तेव्हा पत्ताच नव्हता.

आता मुख्य गफलत: तोतरा म्हणून मुका बीन. 1983 ते 1989 या काळात 'ब्लॅकॲडर' या नावाने त्याच्या चार विनोदी टीव्ही मालिका झाल्या आणि त्यांतली सगळी गंमत शब्दांची. समोरच्याला लांबलचक उपमा देत, आवाज न चढवता, सालटी काढणारा माणूस. दुसऱ्या मालिकेत पुरुषवेशात आलेली एक मुलगी स्वतःचं नाव 'बॉब' सांगते. ॲटकिन्सन ओठ घट्ट मिटतो, क्षणभर थांबतो आणि ते 'ब' फटाक्यासारखं फोडतो. अडणाऱ्या अक्षरावर मुद्दाम जोर द्यायचा ही त्याची जुनी युक्ती. प्रेक्षकांना त्यातच हसू फुटतं. दुसऱ्याची भूमिका करताना आपलं अडखळणं नाहीसं होतं, असं त्यानेच सांगितलंय.

तारखा तर बघा. 'ब्लॅकॲडर'चा शेवटचा, पहिल्या महायुद्धाच्या खंदकातला भाग 2 नोव्हेंबर 1989 चा. मिस्टर बीनचा पहिला भाग 1 जानेवारी 1990 चा. मधे पुरते दोन महिनेही नाहीत! बोलता येईना म्हणून कुणी इतक्या झटपट मुकं होत नाही.

बीन मुका आहे तो ठरवून. फ्रेंच नट-दिग्दर्शक जाक ताती याच्या मिस्यू ह्युलो या जवळजवळ न बोलणाऱ्या पात्राचा प्रभाव ॲटकिन्सनने स्वतः मान्य केलाय. 1987 मध्ये माँट्रियलच्या विनोद महोत्सवात त्याने हे पात्र हट्टाने फ्रेंच भाषेतल्या कार्यक्रमात नेलं, इंग्रजी न कळणाऱ्यांना हसू येतं का ते पाहायला. इंजिनिअरच तो, आधी चाचणी घेणारच. इंग्रजीचा गंध नसलेल्या आपल्या आज्या-आजोबांपर्यंत बीन पोचला तो याच हिशेबामुळे.

'चेहरा धड नाही' या मुद्द्याला उत्तर काय द्यायचं? त्याच चेहऱ्यावर जेमतेम पंधरा भागांनी जग फिरवलं.

तरीही कुणाला पटत नसेल, तर 1979 च्या 'ॲम्नेस्टी' या मानवी हक्क संघटनेच्या कार्यक्रमातली त्याची शाळामास्तराची हजेरी शोधून पाहा. रंगमंचावर मुलगा एकही नाही. काळ्या झग्यातला मास्तर नुसती नावं वाचतो, आणि लोक हसून बेजार.