‘लाइव्ह झालं की देतो’

मुंबईत एकट्याने काम करणाऱ्या डेव्हलपरच्या कोटेशनमध्ये शेवटची ओळ बहुतेक वेळा ठरलेली असते: ४० टक्के गो-लाइव्हनंतर, म्हणजे ॲप सर्वांसाठी सुरू झाल्यावर. क्लायंट ती घालून घेतो आणि काम हातचं जाईल या भीतीने डेव्हलपर मान डोलावतो. मग काम पूर्ण होऊन तीन-चार महिने उलटले तरी त्या ४० टक्क्यांसाठी फोन करत बसायचं आणि वर ऐकून घ्यायचं, ‘अरे, लाइव्ह झालं की देतो ना, पळून चाललोय का आम्ही?’

पण लाइव्ह करायचं कोणी? कोड तयार आहे, यूएटी सर्व्हरवर (क्लायंटने तपासून बघायच्या चाचणी सर्व्हरवर) सगळं चालतंय, बग लिस्ट रिकामी आहे. अडलंय ते सगळं क्लायंटच्या टेबलावर!

साधं ओटीपीचं घ्या. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणे व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदणी लागते आणि ती क्लायंटच्याच नावाने होते. त्याचं पॅन, त्याचं जीएसटी सर्टिफिकेट, लेटरहेडवर सहीशिक्क्यासह अधिकारपत्र. त्यानंतर हेडर (पाठवणाऱ्याचं छोटं नाव) मंजूर व्हायचा, त्यानंतर टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर). मंजूर टेम्प्लेटमध्ये ‘आपला ओटीपी’ आहे आणि ॲपमधून ‘तुमचा ओटीपी’ गेलं, तर मेसेज ऑपरेटरकडेच अडतो, ग्राहकाच्या फोनपर्यंत पोचतच नाही. हे शंभरदा सांगूनही क्लायंटचा मार्केटिंगवाला मजकूर परस्पर बदलायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर बोंब, ‘तुमच्या ॲपमध्ये ओटीपी येत नाहीये.’ तुमच्या ॲपमध्ये! सही करायला तीन आठवडे लावले तेव्हा ॲप कोणाचं होतं?

स्टोअरचंही तेच. ॲपलवर कंपनीच्या नावाने खातं हवं तर डन्स नंबर (कंपनीचा जागतिक ओळख क्रमांक) लागतो, तिथलं नाव कंपनीच्या नोंदणीतल्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं, आणि वर्षाला ९९ डॉलर भरायचे ते क्लायंटने. ते भरायला कार्ड कोणाचं वापरायचं, यावर पंधरा दिवस जातात. गूगल प्लेवर घाईघाईने डायरेक्टरच्या नावाने वैयक्तिक खातं उघडलं, तर १३ नोव्हेंबर २०२३ नंतरच्या अशा खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस ठेवून क्लोज्ड टेस्ट करावी लागते. हे आधी सांगितलेलं असतं, लेखी सांगितलेलं असतं, पण मेल वाचतो कोण? पेमेंट गेटवेची केवायसी तर वेबसाइटवर रिफंड पॉलिसी आणि पत्ता नाही म्हणून परत येते. तो मजकूर कोणी द्यायचा? क्लायंटच्या वकिलाने. तो सुट्टीवर.

आणि या थांबलेल्या दिवसांत ‘छोटासा चेंज’ मात्र रोज येतो. ऑर्डरमधली एकच वस्तू रद्द करायची सोय द्या, म्हणे. एक बटण तर आहे! त्या एका बटणामागे अर्धवट रिफंडची गेटवे कॉल, क्रेडिट नोट, कूपनची रक्कम उरलेल्या वस्तूंवर पुन्हा विभागणं, पैशापैशाचं राउंडिंग, जीएसटी रिपोर्ट आणि जुन्या ऑर्डरींचा डेटा एवढं सगळं हलतं. तीन दिवसांचं काम. बिल? ‘त्यातच धरा ना.’ आणि ते समजवायला बीकेसीला या म्हणतात. डोंबिवलीहून निघून कुर्ल्याला उतरा, शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, चाळीस मिनिटांची मीटिंग करा आणि परत या. कामाचा अख्खा दिवस गेला, आणि त्या दिवसाची ओळ कुठल्याच इन्व्हॉइसमध्ये नाही.

आता खरं डोकं फिरवणारा हिशोब. शेवटचा हप्ता १,२०,००० रुपयांचा आहे असं धरा. अकाउंट्सवाले म्हणतात, ‘इन्व्हॉइस आधी पाठवा, त्याशिवाय प्रोसेसमध्ये जात नाही.’ २८ जुलैला इन्व्हॉइस गेलं: १,२०,००० अधिक १८ टक्के जीएसटी २१,६००, एकूण १,४१,६००. मासिक रिटर्न भरणाऱ्याला हे २१,६०० रुपये २० ऑगस्टच्या आत सरकारला भरावे लागतात, क्लायंटने एक रुपया दिलेला नसला तरी. तिमाही रिटर्नवाल्यालाही जुलैचा कर २५ ऑगस्टपर्यंत भरावाच लागतो. चुकलं तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. पण तेच इन्व्हॉइस ११ ऑगस्टपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, चढलं की १४ तारखेला क्लायंटच्या २बी मध्ये, म्हणजे त्याला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, दिसतं आणि तो त्याच २० ऑगस्टला ते २१,६०० स्वतःच्या करातून वजा करून मोकळा होतो. म्हणजे ज्याने पैसे दिले नाहीत त्याला क्रेडिट, आणि ज्याला पैसे मिळाले नाहीत त्याने घरखर्चातून कर भरायचा! १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं, हे खरं. पण सहा महिने वापरायला मिळालेच ना?

नोव्हेंबरात पैसे येतात तेव्हा १० टक्के टीडीएस कापून. तो १,२०,००० वर कापायचा, म्हणजे १२,०००. कित्येक अकाउंट्सवाले जीएसटीसकट रकमेवर १४,१६० कापतात. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नाही, हे सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) २०१७ च्या २३ क्रमांकाच्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय. परिपत्रक पुढे करा, नाहीतर २,१६० रुपये परताव्याची वाट बघत अडकतात. तिसऱ्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायची मुदत ३१ जानेवारी. तिथे पॅनचं एक अक्षर चुकलं तर आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर काहीच दिसत नाही आणि पुन्हा त्याच अकाउंट्सवाल्याच्या दारात. आपल्या व्यवसाय कराचे २,५०० रुपये मात्र ३० जूनला भरावेच लागतात, तिथे ‘लाइव्ह झालं की भरतो’ चालत नाही.

म्हणून कृपा करून ‘गो-लाइव्हनंतर’ ही ओळ काढून टाका. ‘यूएटी बिल्ड दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास काम स्वीकारलं असं मानलं जाईल’ असं लिहा. यात काही आगाऊपणा नाही, २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातच, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यातच, ही तरतूद आहे. त्याच कायद्यात म्हटलंय की करारात काहीही लिहिलं तरी स्वीकारापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे रोखता येत नाहीत. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. यासाठी उद्यम नोंदणी (अशा उद्योगाची सरकारी नोंदणी) लागते, ती फुकट आहे, आधारवर होते. काम सुरू करायच्या आधीच काढा, नंतर काढली तर समोरचा वकील तिथेच अडवतो. नंबर प्रत्येक इन्व्हॉइसवर छापा. क्लायंटने द्यायच्या गोष्टींची, म्हणजे डीएलटी, डन्स, केवायसी, डोमेन, यांची तारखांसकट वेगळी यादी कराराला जोडा.

कोडचं स्वामित्व शेवटचा हप्ता मिळाल्यावरच हस्तांतरित होईल, हेही लिहा. नोकर नसलेल्या डेव्हलपरने लिहिलेल्या कोडवर पहिला हक्क त्याचाच असतो, लेखी हस्तांतर होईपर्यंत. पण पैसे अडले म्हणून क्लायंटचा चालू सर्व्हर बंद पाडू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांत उलटं तुम्हीच सापडाल. कोड स्टेजिंगवर (चाचणी सर्व्हरवर) ठेवा, रेपो (मूळ कोडचा साठा) देऊ नका, एवढं पुरे.

आणि ३१ मार्चला संध्याकाळी मेल येईल: ‘बुक्स क्लोज होतायत, आजच्या तारखेचं इन्व्हॉइस लगेच पाठवा.’ खर्च त्यांना या वर्षात दाखवायचाय, पैसे जुलैत द्यायचेत, आणि जीएसटी तुम्ही २० एप्रिलला भरायचा. काम स्वीकारलं गेलं नसेल तर प्रोफॉर्मा (नुसतं अंदाजी बिल) पाठवा, टॅक्स इन्व्हॉइस नाही. स्वीकारलं गेलं असेल तर टॅक्स इन्व्हॉइस द्यावंच लागेल, सेवा पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत. मग त्याच मेलमध्ये उद्यम नंबर टाका आणि लिहा की सूक्ष्म उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर आयकर कायद्याप्रमाणे तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरता येत नाही. सीसीमध्ये त्यांचा सीए ठेवा.