एसीचा पट्टा कापण्यापूर्वी: ट्रकचालकांसाठी खुलासा

‘जुन्या ट्रकचे इंजिन एसीमुळे खराब होते, म्हणून एसीचा पट्टाच कापून टाका’ असा संदेश सध्या कोल्हापुरातील ट्रकचालकांमध्ये फिरत आहे. तो अर्धवट असून त्यातला सल्ला धोक्याचा आहे. अनेक इंजिनांत एकच पट्टा एसीचा वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरबरोबर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही फिरवतो. तो कापून गगनबावड्याचा घाट चढू पाहणाऱ्याचे इंजिन एसीवाल्यापेक्षा आधी उकळेल.

एसी लावताच आयडलिंगचे (गाडी उभी, इंजिन चालू असतानाचे) फेरे थोडे घसरणे हा कॉम्प्रेसरचा नेहमीचा भार आहे. मात्र इंजिन बंदच पडत असेल, तर डिझेल फिल्टर, हवेचा फिल्टर आणि आयडल वाढवणारी यंत्रणा आधी तपासावी. इंजिन तापत असेल, तर रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीत साचलेला चिखल आणि पाचटाचा भुसा (आपल्याकडे गाळप हंगामात तो हमखास सापडतो) साफ करून पंखा पाहावा.

एसी बंद करूनही घरघर थांबत नसेल, तरी कॉम्प्रेसर निर्दोष ठरत नाही, कारण कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला पुलीशी जोडणारा भाग) सुटलेला असतानाही कॉम्प्रेसरची पुली (पट्ट्याने फिरणारे चाक) फिरतच राहते आणि तिचे बेअरिंग झिजू शकते. इंजिन बंद करून, पट्टा उतरवून पुली हाताने फिरवल्यास ते लगेच कळते.