'एक डॉक्टर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्वादुपिंडाच्या कॅन्सरमधल्या केमोचा यकृतावर काय परिणाम होतो, या माझ्या गेल्या लेखाखाली 'एक डॉक्टर' लिहितात: "केमोने लिव्हर खराब होतं असं अर्धवट लिहून तुम्ही पेशंटना घाबरवता. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये बिलिरुबिन वाढलं तर आधी गाठ, स्टेंट, मेटास्टॅसिस बघतात. गूगल वाचून डॉक्टरी करू नका." (बिलिरुबिन म्हणजे रक्तात वाढलं की कावीळ होते ते द्रव्य, स्टेंट म्हणजे पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी, मेटास्टॅसिस म्हणजे कॅन्सर दुसरीकडे पसरणं.) पुढे माझ्या भाषेबद्दल वगैरेही बरंच आहे, ते सोडून देते.

आधी "गूगल वाचून"बद्दल. माझ्या मोठ्या भावाची फाइल शेवटपर्यंत माझ्या हातात होती. केमोच्या प्रत्येक सायकलआधी (म्हणजे फेरीआधी) सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एलएफटी (यकृताची रक्ततपासणी). रिपोर्ट आला की पहिली नजर प्लेटलेटवर, दुसरी बिलिरुबिनवर. डे-केअरच्या बाकड्यावर बसून हे शिकलेल्या नातेवाइकाशी तुमच्या ओपीडीत असं बोलत असतील तर बोला बापडे. माझ्याकडे नको. त्यातून स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याची लायकी काढायची, म्हणजे कमालच.

"खराब होतं" हे शब्द माझे नाहीतच. मी लिहिलं होतं की फोल्फिरिनॉक्समधल्या (ही ऑक्सालिप्लॅटिन, इरिनोटेकॅन वगैरे औषधं एकत्र देण्याची केमो) ऑक्सालिप्लॅटिनने यकृतातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते, मग प्लीहा वाढते, प्लेटलेट उतरतात. इरिनोटेकॅनने यकृतात चरबी साठून दाह होऊ शकतो. (यातलं बरंचसं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटवरून कळलेलं आहे, हेही लिहिलं होतं. वाचलंत का?) जेमसायटाबिन या दुसऱ्या केमोच्या औषधाने एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम) चढते, बहुतेकदा आपली आपण उतरते. आणि इरिनोटेकॅनचा निचरा यकृत आणि पित्तावाटे होतो, म्हणून कावीळ असताना ते दिलं तर जुलाब आणि पांढऱ्या पेशी घसरण्याचा धोका वाढतो. डोस कमी का केला, सायकल पुढे का ढकलली, हे घरच्यांना यातूनच कळतं. न कळल्यावर माणूस जास्त घाबरतो, हे मी घरात पाहिलंय.

स्टेंटचा मुद्दा लेखात तळाशी एका ओळीत उरकला होता, तो वर हवा होता. मान्य. पण तो मला शिकवू नका. दादाला हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले, तेव्हा फोनवरच्या डॉक्टरांनी "केमोचं आहे, पॅरासिटामॉल द्या" म्हणून सांगितलं. निघाला तुंबलेला प्लॅस्टिकचा स्टेंट आणि पित्तनलिकेत पसरलेला जंतुसंसर्ग. ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करायची प्रक्रिया) करून धातूचा स्टेंट टाकला, बिलिरुबिन उतरलं, केमो पुन्हा सुरू झाली. सगळं केमोच्या माथी कोणी मारलं, मी की तुमच्या व्यवसायबंधूंनी?

केमो घेऊ नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. २०११ सालच्या फ्रेंच चाचणीत नुसत्या जेमसायटाबिनवर मध्यक आयुर्मान ६.८ महिने आणि फोल्फिरिनॉक्सवर ११.१ महिने होतं, हे मलाही ठाऊक आहे. त्या चार महिन्यांची किंमत आमच्या घराला कोणी सांगायची गरज नाही.

बाकीच्या मुद्द्यांत मला दम वाटला नाही. यापुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तरच प्रकाशित करेन.