प्रिंटरचं पोट भरलंय

मे महिना, सावदा-रावेर पट्टा, पारा पंचेचाळीसच्या खाली उतरायला तयार नाही आणि मी जळगावात कूलरसमोर पडलेलो असताना आप्पांचा फोन, "भो, लेबलं निघू नाही राह्यली, कंटेनर दारात उभा हाये." बंद पडलंय का विचारलं तर म्हणे निघतात, पण एकेक लेबल दहा-दहा सेकंदांनी. टाकीतलं पाणी संपत आलं की नळ करतो ना तसं, थोडं पाणी, मग नुसती हवा, मग परत थोडं.

आप्पांचं केळीचं पॅकहाउस. १३-१३ किलोचे खोके, माल आखातात जाणार, लेबलाशिवाय एक खोका हलत नाही. मी पोचलो तोवर निदानं तयार होती. पॅकिंगच्या मावश्यांच्या मते मशीन उन्हानं तापलं (प्रिंटरवर खरंच ओलं फडकं होतं, मी आधी हात जोडून ते काढलं). वायरमनच्या मते उंदीर. आप्पांच्या मते नेट स्लो, दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घ्यायला पाहिजे. आता लेबल जातं या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरून त्या कोपऱ्यातल्या प्रिंटरला, मधे एक स्विच (नेटवर्कच्या वायरी जोडणारी डबी), त्याचा बाहेरच्या नेटशी काय संबंध, पण हे सांगणार कोणाला. आणि खरं सांगायचं तर मी तरी काय केलं, केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, प्रिंटर बंद-चालू केला. जैसे थे.

मग काढलं वायरशार्क, नेटवर्कवरून काय येतं-जातं ते दाखवणारं सॉफ्टवेअर. २००६ पर्यंत याचं नाव इथरियल होतं, तेच बरं होतं, कारण पडद्यावर माशाचा निळा पंख दिसल्या दिसल्या आप्पा म्हणे, "हे मासळीचं काय काढलं?" कॉम्प्युटरवरच कॅप्चर लावलं (म्हणजे ये-जा टिपायला बसवलं), पोर्ट ९१०० चा, म्हणजे फक्त प्रिंटरकडच्या मालाचा, फिल्टर टाकला, आणि एक लेबल सोडलं.

नेटवर्क निर्दोष. पिंगला, म्हणजे प्रिंटरला हाक मारून ओ यायला, एक मिलिसेकंदही लागत नव्हता. पण मधेच काळ्या पट्टीवर लाल अक्षरं, झिरो विंडो, झिरो विंडो, परत झिरो विंडो. म्हणजे काय, तर पंगत. प्रिंटर हा जावई, पानावर हात आडवा धरून म्हणतोय, बस, जागा नाही. कॉम्प्युटर ही सासूबाई, भरताचं पातेलं घेऊन वाकलेली, दर थोड्या वेळानं विचारते, "आता थोडं?" (याला विंडो प्रोब म्हणतात). परत हात आडवा. जरा जिरलं की जावई म्हणतो वाढा, दोन घास गेले की पुन्हा तेच.

पण सासूबाई एवढं वाढत काय होती? लेबलावर आप्पांनी नातवाकडून चित्र करून घेतलेलं, केळीचा घड, मागे उगवता सूर्य (थर्मल प्रिंटर, त्यामुळे सूर्य काळाच), कोपऱ्यात मनुदेवी. आणि त्या नादात सॉफ्टवेअर अख्खं लेबलच, अक्षरांसकट, फोटो करून पाठवत होतं. १०० बाय १०० मिलिमीटरचं लेबल, मिलिमीटरला ८ ठिपके, झाले ६,४०,००० ठिपके, म्हणजे ८०,००० बाइट, आणि ते हेक्समध्ये (एका बाइटला दोन अक्षरं) लिहून पाठवायचे तर १,६०,००० अक्षरं. नेटवर्कवर माल जातो पॅकेटांनी, छोट्या तुकड्यांनी, आणि इथे एका लेबलाला शंभरावर पॅकेटं! म्हातारा प्रिंटर, किती गिळणार.

आता देवीचं चित्र जड झालंय हे आप्पांना कसं सांगायचं? मी घाबरत घाबरत म्हटलं, "देवीला एकदाच प्रिंटरच्या मेमरीत बसवू, सारखं ये-जा नको." आप्पांना हे एकदम पटलं. चित्र मेमरीत ठेवलं, बाकी मजकूर साधा झेडपीएलमध्ये (लेबल प्रिंटरला हुकूम द्यायची भाषा), लेबल आलं काहीशे अक्षरांवर, एका पॅकेटात मावलं.

आणि लेबलं सुटली धडाधड. आप्पांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत टेबलावर ढीग, पट्टी खाली जमिनीवर लोळायला लागली, तशी मोठी मावशी प्रिंटरसमोर हात आडवा धरून उभी राहिली, "भाऊ, बस करा ना आता, आमचे हात किती चालतीन? पहिलेसारखं करून द्या ते."