कॅनोनेट आणि आजींचे फोटो: दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. मागच्या आठवड्यात तुम्ही कॅमेरा आणि निगेटिव्हचं पाकीट दुकानात ठेवून गेला होतात. दोन्ही नीट बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंनी एप्रिलमध्ये आमच्याकडून कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री हा कॅननचा जुना फिल्म कॅमेरा ११,५०० रुपयांना घेतला. मे महिन्यात कोकणात त्यांच्या आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाला त्यावर पहिला रोल काढला. फोटोंवर केशरी पट्टे आले, बरेच फोटो काळपट निघाले, ऐन ओवाळण्याच्या वेळी बटण दाबलंच जाईना, आणि पावसाळा संपता संपता लेन्समध्ये बुरशी दिसली. दुकानात आल्यावर ‘जुना कॅमेरा आहे, असंच असायचं’ असं ऐकून घ्यावं लागलं. जुन्या बाजारात हाच कॅमेरा अर्ध्या किमतीत मिळतो, असंही त्यांनी लिहिलंय.

फोटोंवरच्या केशरी पट्ट्यांपासून सुरुवात करतो, कारण ती चूक माझी आहे. माझ्या कारागिराची नाही, माझी स्वतःची.

हा कॅमेरा १९७२ साली बाजारात आला. त्याच्या मागच्या झाकणाच्या कडेने प्रकाश आत शिरू नये म्हणून काळ्या फोमच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना आम्ही सील म्हणतो. इतक्या वर्षांत त्या फोमचं डांबर होतं, बोटाला चिकटतं. तो बांबूच्या काडीने खरवडायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि नवी पट्टी बसवायची. तुमच्या कॅमेऱ्याचं हे काम मार्चमध्ये मीच केलं होतं. परवा झाकण उघडून भिंगाखाली धरलं, तर बिजागरीजवळची फोमची पट्टी खालच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी सुटलेली दिसली. गोंद पुरता वाळायच्या आत मी झाकण लावलं होतं. तिथून ऊन आत गेलं. निगेटिव्हवरही तेच दिसतं: केशरी पट्टा फ्रेमच्या बाहेर, थेट फिल्मच्या कडेच्या छिद्रांपर्यंत गेलाय. स्कॅनिंगचा दोष असता तर निगेटिव्ह स्वच्छ असती, त्यामुळे लॅबकडे बोट दाखवता येत नाही. रंगही केशरी-तांबडा आहे, कारण प्रकाश फिल्मच्या पाठीमागून शिरला की तांबड्याला संवेदनशील असलेला थर आधी पोळतो.

आम्ही प्रत्येक कॅमेऱ्यात विक्रीआधी एक रोल टाकून बघतो. तुमच्या कॅमेऱ्यात टाकला नव्हता. तुम्हाला कार्यक्रमाआधी हवा होता, आणि नुसत्या टॉर्चच्या तपासणीवर मी तो दिला. लेबलवर मात्र ‘चालू स्थितीत’ लिहिलं. शटर उडतं, फिल्म पुढे सरकते, म्हणजे चालू, अशी आमची धंद्यातली व्याख्या. घेणाऱ्याची व्याख्या एकच असते: फोटो नीट यायला हवा. तुमचीच बरोबर आहे. आता आमच्या लेबलवर रोल कोणत्या तारखेला टाकला ते लिहिलेलं असेल आणि त्या रोलची निगेटिव्ह कॅमेऱ्यासोबत मिळेल. रोल टाकला नसेल तर तसं स्पष्ट लिहू.

काळपट फोटोंचं कारण सेल. या कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर १.३५ व्होल्टच्या पारा असलेल्या सेलसाठी बनवलंय, आणि तो सेल आता बनत नाही. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल मिळतो, पण तो १.५ व्होल्टचा. विजेचा दाब वाढला की मीटरची सुई आहे त्याहून जास्त उजेड दाखवते, कॅमेरा लेन्समधलं छिद्र लहान करतो आणि फिल्मला प्रकाश कमी पडतो. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश बराच सोसते, कमी पडलेला सोसत नाही. सावलीतले तपशील गेले ते गेलेच. कानाच्या यंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो, तो रबरी कडं लावून बसवला की मीटर जवळपास बरोबर चालतं. आमच्याकडची कडी संपली होती म्हणून मी अल्कलाइन घातला, आणि ‘आयएसओ (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) एक पायरी खाली ठेवा’ एवढं सांगायला विसरलो.

बटण अडकलं नव्हतं. लेन्सवरची छिद्राची रिंग ‘ए’वर, म्हणजे ऑटोवर, असताना उजेड मीटरच्या आवाक्याबाहेर असेल, तर कॅनोनेट शटर उडूच देत नाही. फिल्म वाया जाऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. तुम्ही शटरचा वेग १२५ वर, म्हणजे सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागावर, ठेवला होता, दिव्यांच्या उजेडात तेवढं भागत नाही. वेग ३० वर आणायचा, तरीही अडलं तर रिंग ‘ए’वरून काढून १.७ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं, फिरवायची. मग बटण दाबलं जातं. पण समोर आजी, हातात तबक घेऊन उभ्या बायका, सगळे फोटोसाठी थांबलेले, अशा वेळी हे कुणालाही सुचणार नाही. हे विक्रीच्या वेळी तुमच्या हातात कॅमेरा देऊन दोनदा करून घ्यायला हवं होतं. खरं तर पहिलाच फिल्म कॅमेरा घेणाऱ्याला मी पेंटॅक्स के१००० सुचवतो. त्याचा सेल फक्त मीटरपुरता असतो, शटर सेलवर अवलंबून नसतं, आणि बटण असं अडवून धरत नाही. तुम्हाला पर्समध्ये मावणारा हवा होता म्हणून कॅनोनेट निघाला, आणि कॅमेरा म्हणून तो मला मनापासून आवडतो.

बुरशीबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. विकताना प्रत्येक लेन्समागे टॉर्च धरून काढलेला फोटो आमच्याकडे असतो. तुमच्या लेन्सचा एप्रिलचा फोटो स्वच्छ आहे, दुकानात दाखवतो. तुम्ही सांगितलंत की कॅमेरा त्याच्या चामड्याच्या केसमध्ये, कपाटात, जूनपासून तसाच होता. कोकणातल्या पावसात चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला अंधार आवडतो. हे आमच्याकडून झालेलं नाही. केस वेगळी ठेवा, कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून सगळ्या वेगांवर शटर उडवा. नुसता जपून ठेवलेला कॅमेरा वापरातल्यापेक्षा लवकर बिघडतो, आतलं तेल सुकून शटरची पाती चिकटतात. संग्रहासाठी म्हणून घेणाऱ्यांनाही मी हेच सांगत असतो.

लेन्स उघडली होतीच, म्हणून साफ केली आहे, त्याचे पैसे नाहीत. कोटिंगवर एक फिकट डाग राहिलाय. फोटोत दिसणार नाही, पण उजेडासमोर धरलात तर दिसेल.

किमतीबद्दल: जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी मीही जातो, आणि तिथे कधी कधी अर्ध्या किमतीत मिळतो हे खरं आहे. आमच्या किमतीतला फरक सील, मीटर, शटरची साफसफाई आणि तपासणी यांचा आहे. यातली तपासणी तुमच्या बाबतीत झालीच नाही, म्हणजे तेवढे पैसे मी काम न करता घेतले. त्यापोटी ३,००० रुपये परत करतो. कॅमेराच नको असेल तर पूर्ण रक्कम परत. रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही.

‘असंच असायचं’ हे वाक्य ज्यांनी ऐकवलं ते माझे वडील. चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतायत. तुमचे फोटो त्यांनी तेव्हा बघितले नव्हते. नंतर निगेटिव्ह लाइट बॉक्सवर ठेवून त्यांनीच छत्तीसच्या छत्तीस फ्रेम तपासल्या. एकवीस फ्रेमवर पट्टा आहे, नऊ काळपट आहेत पण पुन्हा स्कॅन केल्या तर सुधारतील, सहा चांगल्या आहेत. तुम्हाला तसं बोलायला नको होतं असं त्यांनीच मला सांगितलंय, आणि तुम्ही याल तेव्हा ते स्वतः बोलणार आहेत.

सील नव्याने बसवली, झिंक-एअर सेल घातला, आणि काल शनिवारवाड्यासमोर भर उन्हात एक रोल काढला. तो धुऊन गुरुवारी येईल. त्यावर पट्टा नसेल तरच कॅमेरा तुम्हाला मिळेल.

आणखी एक. तेविसाव्या फ्रेममध्ये आजी पाटावर बसल्यात, भोवती दिवे आहेत, मांडीवर एक लहान मुलगी आहे. पट्टा डावीकडून आलाय, पण आजींच्या खांद्यापाशी थांबलाय. दोघींचे चेहरे स्वच्छ आहेत. ती फ्रेम मी पुन्हा स्कॅन करून आठ बाय दहाची प्रिंट काढतोय. एक पट्ट्यासकट पूर्ण, आणि एक पट्टा वगळून कापलेली. कुरिअरने पाठवू की तुम्ही येताय, तेवढं कळवा.