जेल फक्त जागा धरत नाही
मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात भरतात ते जेल 'फक्त जागा मोकळी राहावी म्हणून' असतं, असं लेखात म्हटलंय. हे अर्धंच सांगणं झालं. फेकोच्या, म्हणजे मोतीबिंदू फोडून ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, सुईतल्या अल्ट्रासाउंडने डोळ्यातल्या पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील कण) तयार होतात आणि कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या थरातल्या पेशी मारतात. त्या मेलेल्या पेशी काही पुन्हा तयार होत नाहीत! जेलमधलं सोडियम हायल्युरोनेट हेच रॅडिकल्स टिपून घेतं.

आणि मोतीबिंदू जितका जुना, तितकं अल्ट्रासाउंड जास्त, हे तर लेखात कुठेच नाही. आमचे बाबा हर्णैचे, सगळा जन्म होडीवर गेला. 'पूर्ण पिकू दे, मग काढू' म्हणत चार वर्षं काढली. भिंग इतकं कडक झालं होतं की फोडायला खूप वेळ लागला, आणि पुढे तीन आठवडे कॉर्नियाला सूज. सकाळी उठले की समोरची कपबशीसुद्धा वाफेतून बघावी तशी धूसर, जेवणवेळेपर्यंत जरा साफ. मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब दिवसातून चारदा घालायचे, ते मीच घालत होते.